कोष्टक की डेटाबेस? रुग्णनोंदी व औषधनोंदींचा विचार

आयुर्वेदीय चिकित्सालयांत व औषधनिर्माणशाळांत संगणक आला त्याला आता बराच काळ लोटला. देयके संगणकावर निघतात, वस्तू व सेवा कराची विवरणपत्रे संगणकावरून जातात आणि अनेक वैद्यबंधू-भगिनी रुग्णांच्या नोंदीही संगणकावरच ठेवतात. परंतु या नोंदी नेमक्या कशात ठेवाव्यात, हा प्रश्न आपल्यापैकी फार थोड्यांनी स्वतःला विचारला आहे. संगणकाबरोबर एक्सेल आले, एक्सेलमध्ये ओळी व रकाने आखलेलेच होते, म्हणून त्यात लिहिण्यास आरंभ झाला. कोणी विचारपूर्वक असा निर्णय घेतला नाही. तो आपोआप होऊन गेला. प्रस्तुत लेखात त्याच निर्णयाचा विचार करावयाचा आहे.

आमचे मत आरंभीच सांगतो. हिशेब करण्यासाठी स्प्रेडशीट, म्हणजे एक्सेलसारखे कोष्टक, हे उत्तम साधन आहे. परंतु वर्षानुवर्षे जपावयाच्या आणि परस्परांशी नाते असलेल्या नोंदींसाठी डेटाबेस हवा. रुग्णाची चिकित्सा आणि औषधाची निर्मिती या दोहोंच्या नोंदी या दुसऱ्या प्रकारात मोडतात. तूप गुणकारी आहे, कांस्यपात्रही उपयुक्त आहे. पण कांस्यपात्रात दहा दिवस ठेवलेले तूप आपल्या शास्त्राने वर्ज्य सांगितले आहे. द्रव्य व पात्र यांचा मेळ पाहावा लागतो, तोच न्याय येथेही लागू आहे.

कोष्टकाचा मूळ हेतू

संगणकावरील पहिले लोकप्रिय कोष्टक 'व्हिजिकॅल्क' हे १९७९ साली अमेरिकेत डॅन ब्रिक्लिन व बॉब फ्रँकस्टन यांनी तयार केले. व्यापारी हिशेबात एक आकडा बदलला की पुढचे सर्व आकडे पुसून पुन्हा मांडावे लागत. तो त्रास वाचविणे हा त्याचा हेतू होता. आजही कोष्टकाचे बळ तेथेच आहे. च्यवनप्राशाच्या एका घाण्याला आवळा किती, साखर किती, खर्च किती व विक्रीमूल्य काय ठेवावे, याचा अंदाज बांधावयाचा असेल तर त्याच्याइतके सोयीचे साधन नाही.

डेटाबेसचा हेतू निराळा होता. आयबीएममधील संशोधक एडगर कॉड यांनी १९७० साली 'रिलेशनल', म्हणजे संबंधाधारित, मांडणीचा सिद्धान्त प्रसिद्ध केला. प्रत्येक गोष्टीची नोंद एकाच ठिकाणी एकदाच करावी, तिला एक ओळखक्रमांक द्यावा आणि अन्यत्र जेथे तिचा उल्लेख येईल तेथे केवळ तो क्रमांक लिहावा, हे त्याचे सार सांगता येईल. बँका, रेल्वे आरक्षण व मोठी रुग्णालये यांचे व्यवहार अशाच मांडणीवर उभे आहेत. आपल्या खिशातील मोबाइलमध्येही असे लहान डेटाबेस सतत काम करीत असतात.

ओळींची मर्यादा

मोठ्या माहितीचा विषय निघाला की पहिला प्रश्न येतो तो मर्यादेचा. एक्सेलच्या जुन्या फायलीत ६५,५३६ ओळी मावत असत. २००७ च्या आवृत्तीपासून ही मर्यादा १०,४८,५७६ झाली. ही संख्या पाहून आपल्याला ती कधीच अपुरी पडणार नाही असे वाटते. थोडे गणित करून पाहू. एक वैद्य दिवसास ३० रुग्ण तपासतो व वर्षास ३०० दिवस चिकित्सालय चालवितो असे धरले, तर वर्षात ९,००० भेटी होतात. प्रत्येक भेटीत सरासरी ४ औषधे दिली व प्रत्येक औषधास एक ओळ लिहिली, तर वर्षाच्या ३६,००० ओळी झाल्या. जुनी मर्यादा दुसऱ्या वर्षीच ओलांडली जाईल, नवी मात्र २९ वर्षे पुरेल. दिवसास २०० देयके व प्रत्येक देयकात ३ औषधे असा व्यवहार असलेल्या विक्रेत्याच्या वर्षाला १,८०,००० ओळी होतात. त्याची नवी मर्यादाही सहा वर्षांच्या आत संपते.

मर्यादा ओलांडल्यावर काय घडते, याचे उदाहरण २०२० साली इंग्लंडने पाहिले. कोविडच्या साथीत प्रयोगशाळांकडून येणारे तपासणीचे निकाल तेथील सार्वजनिक आरोग्य यंत्रणा जुन्या पद्धतीच्या एक्सेल फायलींत ओतून घेत होती. फायलीची मर्यादा भरल्यावर पुढच्या ओळी गळून पडल्या. २५ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर २०२० या काळातील १५,८४१ बाधितांची नोंद दैनंदिन आकडेवारीत आली नाही. रुग्णांना त्यांचे निकाल कळले होते. पण त्यांच्या संपर्कात आलेल्यांचा शोध घेण्याचे काम मात्र खोळंबले. साथीच्या दिवसांत या विलंबाचा अर्थ काय, हे वैद्यांना सांगावयास नको.

तरीही आमच्या मते ओळींची मर्यादा हा गौण मुद्दा आहे. सामान्य चिकित्सालयाच्या बाबतीत ती भरण्याच्या कितीतरी आधी कोष्टक निरुपयोगी होऊ लागते. त्याची कारणे अन्य आहेत.

कोष्टक परस्पर अर्थ लावते

पहिले कारण मात्रेच्या नोंदीशी निगडित आहे. सकाळ, दुपार, सायंकाळ एकेक गोळी हे आपण १-१-१ असे लिहितो. एक्सेलच्या कोऱ्या रकान्यात इंग्रजी आकड्यांत हे लिहून पाहावे. कोष्टक त्यास दिनांक समजते आणि १ जानेवारी २००१ अशी नोंद करते. २-१-२ लिहिल्यास २ जानेवारी २००२ होते. १-०-१ मात्र जसेच्या तसे राहते, कारण शून्य नावाचा महिना नसतो. अर्ध्या गोळीसाठी १/२ लिहिले की आपल्याकडील मांडणीत ती १ फेब्रुवारी होते. औषधाचा बॅच क्रमांक १२ई३ असा इंग्रजी अक्षरात लिहिला, तर कोष्टक त्यातील ई हे अक्षर दहाच्या घाताचे चिन्ह मानून १२,००० ही संख्या साठविते. रुग्णक्रमांकाच्या आरंभीची शून्येही अशीच नाहीशी होतात.

हा अनुभव केवळ आपलाच नाही. मानवी जनुकांच्या नावांपैकी 'सेप्ट१' व 'मार्च१' यांसारखी नावे एक्सेलमध्ये सप्टेंबर व मार्चचे दिनांक होत असत. अशा चुका प्रसिद्ध शोधनिबंधांतही शिरल्याचे २०१६ साली दाखविले गेले आणि शेवटी २०२० मध्ये जनुकांची नावे ठरविणाऱ्या समितीने ती नावेच बदलली. पुढे २०२३ मध्ये हे रूपांतर बंद करण्याची सोय एक्सेलमध्ये आली खरी. पण ती वापरकर्त्याने स्वतः निवडावी लागते. डेटाबेसमध्ये सकाळ, दुपार व सायंकाळ यांची मात्रा स्वतंत्र रकान्यांत संख्या म्हणूनच घ्यावी असे आधीच ठरविता येते. बॅच क्रमांक हा मजकूर आहे, निर्मितीचा दिनांक रिकामा सोडता येणार नाही, असे नियम एकदा घातले की चुकीची नोंद दारातच अडविली जाते.

दुसरा धोका अधिक गंभीर आहे. कोष्टकात मध्ये एखादा रिकामा रकाना राहिला आणि साहाय्यकाने एका बाजूच्या नावांचा क्रम अकारविल्हे लावला, तर दुसऱ्या बाजूचा मजकूर जागेवरच राहतो. एका रुग्णाची प्रकृती, दुसऱ्याचे निदान व तिसऱ्याची चिकित्सा एका ओळीत येतात. कोष्टक दिसावयास पूर्वीइतकेच नीटनेटके असते, त्यामुळे हा घोटाळा महिनोन्महिने कोणाच्या लक्षातही येत नाही.

नात्यांचा प्रश्न

खरे कारण मात्र नात्यांचे आहे. एक रुग्ण अनेकदा येतो. प्रत्येक भेटीत त्यास अनेक औषधे दिली जातात. प्रत्येक औषध कोणत्या तरी बॅचमधून येते. प्रत्येक बॅच अनेक कच्च्या द्रव्यांपासून बनते आणि प्रत्येक कच्चे द्रव्य कोणत्या तरी खरेदीतून आलेले असते. हे सर्व एका सपाट कोष्टकात मांडावयाचे तर रुग्णाचे नाव, पत्ता व वय प्रत्येक ओळीत पुन्हा पुन्हा लिहावे लागते, किंवा 'औषध १', 'औषध २' असे रकाने उजवीकडे वाढवीत न्यावे लागतात. पहिल्या प्रकारात एकच व्यक्ती तीन प्रकारच्या शुद्धलेखनाने तीन रुग्ण बनते. दुसऱ्या प्रकारात कोणते औषध किती जणांना दिले हे मोजणेच अवघड होते.

एक प्रसंग कल्पून पाहू. एका निर्माणशाळेने खरेदी केलेला गुग्गुळाचा एक साठा शोधन करून योगराज, कैशोर व त्रिफळा या तीन गुग्गुळकल्पांत वापरला. पुढे प्रयोगशाळेच्या अहवालात त्या साठ्यात शिशाचे प्रमाण मर्यादेबाहेर असल्याचे आढळले. आता त्या साठ्यापासून कोणत्या बॅच बनल्या, त्या कोणत्या विक्रेत्यांकडे गेल्या आणि कोणत्या रुग्णांच्या हाती पडल्या, हे त्याच दिवशी कळावयास हवे. खरेदीची एक फाइल, उत्पादनाची दुसरी व विक्रीची तिसरी. एकीत साठ्याचा क्रमांक 'गु/१२', दुसरीत 'गु-१२' व तिसरीत नुसता '१२', अशी अवस्था असेल तर उत्तरास आठवडा लागेल व तेही खात्रीचे नसेल. डेटाबेसमध्ये साठा, बॅच, विक्री व रुग्ण यांच्या सारण्या क्रमांकांनी जोडलेल्या असतात; एका प्रश्नात यादी समोर येते.

हा प्रसंग काल्पनिक असला तरी त्यामागची चिंता खरी आहे. २००४ साली अमेरिकेतील बोस्टन परिसरात विकल्या जाणाऱ्या ७० आयुर्वेदीय उत्पादनांची तपासणी प्रसिद्ध झाली, तेव्हा त्यांपैकी १४ मध्ये शिसे, पारद वा सोमल आढळल्याचे जाहीर झाले. त्यानंतर २००६ पासून निर्यातीच्या वनौषधींसाठी जड धातूंची चाचणी आपल्या शासनाने सक्तीची केली. अशा वृत्तांना आपण सभांतून आवेशाने उत्तरे देतो. परंतु ज्या निर्मात्यास आपली प्रत्येक बॅच कच्च्या द्रव्यापासून रुग्णापर्यंत दाखविता येते, त्याचे उत्तर आवेशाहून अधिक वजनदार असते. अनुसूची 'टी' अन्वये उत्तम निर्मितीपद्धतीचे नियम २००० सालापासून आपल्याला लागू आहेत आणि प्रत्येक बॅचची नोंद ठेवणे त्यात अभिप्रेत आहे. ती नोंद तपासणीसाच्या भेटीपुरती न राहता कामास यावी, एवढेच आमचे म्हणणे आहे.

सवीर्यतेचेही तसेच. चूर्णाचे वीर्य दोन महिन्यांनंतर उणावते असे शार्ङ्गधराने सांगितले. आजच्या नियमांनी आवरणावर सवीर्यता अवधी छापणे बंधनकारक केले आहे. कपाटातील कोणत्या बॅचचा अवधी आधी संपतो हे ज्याच्या नोंदी सांगतात, तो विक्रेता औषध फेकण्याचा तोटाही वाचवितो आणि रुग्णास हीनवीर्य औषध देण्याचा दोषही टाळतो.

निघंटूंनी दाखविलेला मार्ग

डेटाबेस ही कल्पना आपल्या परंपरेस परकी आहे असे मानण्याचे कारण नाही. गुळवेल, गुडूची, अमृता, छिन्नरुहा ही नावे अनेक, द्रव्य एक. भावप्रकाश निघंटूने प्रत्येक द्रव्यास वर्गात एक स्थान दिले, तेथे त्याचे पर्याय, गुण व कर्म सांगितले. योग सांगताना मग केवळ नाव घेतले की पुरते. एका ठिकाणी एकदा नोंद, अन्यत्र उल्लेख, ही शिस्त आपल्या आचार्यांनी कागद दुर्मिळ असताना पाळली. आपल्या कोष्टकात मात्र एका साहाय्यकाने 'गुळवेल सत्त्व', दुसऱ्याने 'गुडूची सत्व' व तिसऱ्याने 'अमृता सत्त्व' लिहिले की संगणकाच्या दृष्टीने ती तीन औषधे होतात.

याच्या उलट एकच नाव दोन द्रव्यांना असते. ब्राह्मी म्हणून कोठे जलनिंब वापरतात तर कोठे मंडूकपर्णी. रास्ना व शंखपुष्पी यांच्या बाबतीतही प्रांतोप्रांती भेद आहेत. नोंदीत केवळ 'ब्राह्मी' लिहिले तर पाच वर्षांनी आपण काय दिले होते हे कोणालाच सांगता येणार नाही. द्रव्यांची एक स्वतंत्र सारणी करून तीत वनस्पतीचे शास्त्रीय नाव व वापरलेला भाग एकदा निश्चित केला, म्हणजे हा संदेह मिटतो.

रोगनामांसाठी तर हे काम बरेचसे झालेले आहे. आयुष मंत्रालयाचे 'नमस्ते' संकेतस्थळ २०१७ पासून आयुर्वेदीय व्याधींची प्रमाणित नावे व संकेतांक देत आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत आयुर्वेद, सिद्ध व युनानी यांचा विभाग २०२५ मध्ये समाविष्ट झाला. आपल्या नोंदीत आमवातास तो संकेतांक जोडलेला असेल, तर नाशिकच्या व पणजीच्या वैद्याच्या नोंदी एकत्र वाचता येतील. एकाने 'आमवात', दुसऱ्याने 'संधिवात' व तिसऱ्याने 'सांधेदुखी' असे आपल्या सवयीने लिहिले, तर ते कधीच शक्य होणार नाही.

काही आक्षेप

वैद्यमित्रांकडून चार आक्षेप नेहमी ऐकू येतात. पहिला, आम्हांस संगणकशास्त्र येत नाही. ते यावयास नकोच. सारण्या कोणत्या असाव्यात हे मात्र वैद्यानेच सांगावे लागते, कारण भेट, अनुपान व उपशय यांचे नाते प्रोग्रामरला ठाऊक नसते. दुसरा आक्षेप खर्चाचा. पोस्टग्रेस, एसक्यूलाइट व लिबरऑफिसमधील बेस ही साधने विनामूल्य आहेत. खर्च येतो तो मांडणी करून देणाऱ्याच्या श्रमाचा. तिसरा आक्षेप खरा आहे. तयार सॉफ्टवेअर घेतले की आपण विक्रेत्याच्या अधीन होतो. तो व्यवसाय बंद करतो किंवा दर वाढवितो आणि दहा वर्षांच्या नोंदी त्याच्याकडे अडकून पडतात. म्हणून खरेदीपूर्वीच लेखी अट घालावी, की आपल्या सर्व नोंदी कोणत्याही कार्यक्रमात उघडता येतील अशा साध्या स्वरूपात हव्या तेव्हा काढून घेता आल्या पाहिजेत. ज्यास ही अट मान्य नाही, त्याचे सॉफ्टवेअर कितीही देखणे असले तरी घेऊ नये.

चौथा आक्षेप असा, की इतकी वर्षे कोष्टकावर चालले, पुढेही चालेल. काहींचे खरोखरच चालेल. एकच व्यक्ती नोंद करते, यादी एकच आहे, ओळी काही शेकड्यांत आहेत आणि वर्षाअखेरीस ती यादी संपते, अशा कामास कोष्टकच योग्य होय. शिबिराची नावनोंदणी, मासिक खर्च, एखाद्या कल्पाचे मूल्यनिर्धारण ही त्याची क्षेत्रे आहेत. परंतु दोन किंवा अधिक व्यक्ती एकाच वेळी नोंद करू लागल्या, एका यादीतील नाव दुसऱ्या यादीत पुन्हा लिहावे लागू लागले, किंवा 'अंतिम', 'अंतिम नवीन', 'अंतिम दुरुस्त' अशा नावांच्या फायली साचू लागल्या, की डेटाबेसकडे वळण्याची वेळ आली असे समजावे. ओळी मोजत बसण्याची आवश्यकता नाही.

वळताना घाई करू नये. रुग्ण, भेटी, दिलेली औषधे, द्रव्यसूची व बॅच या पाच सारण्यांनी आरंभ पुरेसा होतो. जुन्या फायली तशाच जपून ठेवाव्यात व ठराविक दिनांकापासून नव्या नोंदी नव्या पद्धतीने कराव्यात. रोजची एक प्रत चिकित्सालयाबाहेर ठेवावी. पृथक्करण करावयाचे असेल तेव्हा हवा तेवढा भाग डेटाबेसमधून काढून कोष्टकात घ्यावा; तेथे ते आपले मूळचे काम चोख करील. डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ साली संमत झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि त्यांतील तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. सर्व रुग्णांची नावे व व्याधी असलेली फाइल ई-मेलने किंवा पेनड्राइव्हवरून फिरविण्याची सवय आता सोडलेलीच बरी. कोणी कोणती नोंद पाहावी हे डेटाबेसमध्ये ठरविता येते.

मोजमाप कोणाचे?

शेवटी एका गोष्टीकडे लक्ष वेधावेसे वाटते. आपल्यापैकी प्रत्येकाजवळ गुण आलेल्या रुग्णांच्या कथा आहेत. ज्यांना गुण येतो ते येऊन सांगतात. ज्यांना येत नाही ते येतच नाहीत. कोष्टकात आपण बहुधा आलेल्यांचीच ओळ लिहितो. रुग्ण व भेटी यांच्या सारण्या वेगळ्या ठेवल्या, की पहिल्या भेटीनंतर किती जण परतलेच नाहीत, हा प्रश्नही विचारता येतो. त्याचे उत्तर सुखावह असेलच असे नाही. परंतु शंभर रुग्णांपैकी किती परतले, किती सुधारले आणि किती निघून गेले हे ज्या वैद्यास सांगता येते, त्याच्या शब्दास शासन, शास्त्र व समाज या तिघांकडेही मान मिळतो.

संघटनेच्या सभासदांपुढे आमचा प्रस्ताव साधा आहे. आपल्या जिल्हा शाखांनी एकत्र बसून वर सांगितलेल्या पाच सारण्यांचा एक सामायिक आराखडा ठरवावा आणि तो सर्वांना विनामूल्य उपलब्ध करून द्यावा. प्रत्येकाने आपल्या नोंदी आपल्याजवळच ठेवाव्यात. रचना मात्र सर्वांची एक असावी. असे झाल्यास पुढच्या पाच वर्षांत आपल्याजवळ एक मोठा अनुभवसंग्रह तयार होईल. तो झाला नाही, तर प्रत्येक वैद्याबरोबर त्याचा अनुभवही निवृत्त होत राहील.